हेक्टरवारी मदत आणि बिनहेक्टरची माणसं



नदीला जात नसते, हे वाक्य पुराच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पुढारी बोलतो. कबूल. पण गावात कोणाची वस्ती कुठं बसवायची हे ज्यांनी ठरवलं, त्यांना जात होती ना? बौद्धवाडा, मांगवाडा ओढ्याच्या काठाला, खोलगटात का? पाणी पहिल्यांदा तिथंच का शिरतं? पाण्याला ती वाट माणसानं दाखवलीय.

आपला हिंगोली जिल्हा घ्या. २०२२ च्या जुलैत वसमत तालुक्यातलं कुरुंदा पाण्याखाली गेलं. २०२४ साली २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला जमीन ४.५ रिश्टरनं हादरली. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं अख्ख्या मराठवाड्याचं सोयाबीन शेतातच सडलं. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी १८,५०० रुपये, बागायतीला ३२,५००, मर्यादा ३ हेक्टर. शेतकऱ्याला मिळू द्या, आपली काय पोटदुखी नाही. उलट ते कमीच आहेत.

पण ज्याच्याकडं हेक्टरच नाही त्याचं काय? सोयाबीन सडलं तेव्हा काढणीची मजुरीपण सडली. ती कोणत्या सातबाऱ्यावर लिहायची? बटईनं करणाऱ्याचं पीक गेलं, पैसा मालकाच्या खात्यात. गायरान कसणाऱ्याचं पीक गेलं, तर तो म्हणे अतिक्रमणवाला! घरात पाणी शिरलं तर काही हजार टेकवतात. बुडालेल्या रोजाचा पंचनामा करायला कोण येतं?

हे आजचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी गाडली गेली. लातूर-उस्मानाबादकडं सुमारे १०,००० माणसं मेली. पुनर्वसनात घरं वाटली ती कशी? भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००. ७ च्या वर असेल त्याला ७५०. घर पडलेल्या माणसाला घर देताना विचारलं काय, तर जमीन किती! भूकंपानं सगळ्यांना एका रात्रीत उघड्यावर आणलं होतं. सरकारनं पुन्हा सगळ्यांना आपापल्या पायरीवर नेऊन बसवलं.

आता आपल्याबद्दल. शहरातून आम्ही पोरं टेम्पो भरून गेलो. एका गावात टेम्पो पारापाशी अडवला. "यादी आमच्याकडं आहे, तुम्ही फक्त वाटा." आम्ही वाटलं. वस्तीवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि निम्म्या पिशव्या संपल्या होत्या. तरी फोटो काढलेच. एक म्हातारी बोलली, "लेकरा, तांदूळ दिलास, बरं झालं. पर मुकादमाची उचल कोण फेडणार?" च्यायला, आमच्या टेम्पोत याचं उत्तर नव्हतं.

म्हणून सांगतो, तांदूळ न्याच. भुकेल्याला भाषण चालत नाही. पण टेम्पो पारावर नाही, आधी वस्तीवर थांबवा. आणि सोबत एक वही न्या. कोणाचे किती रोज बुडाले, कोण बटईनं करतो, कोण किती वर्षं गायरान कसतो, कोणाच्या घरात किती फूट पाणी होतं, सगळं नावानिशी लिहा. अंगठे घ्या. ती वही घेऊन शंभर माणसं तहसीलवर न्या. मागणी साधी आहे : मजुरीचा पंचनामा करा, पिकाचे पैसे कसणाऱ्याला द्या, गायरान नावावर करा, वस्तीला उंचावर जागा द्या.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले. ते दया मागायला गेले नव्हते, जमीन मागायला गेले होते. आपण त्यांचे वारस असू, तर नुसतं पिशव्या वाटून घरी येणं आपल्याला शोभत नाही.

पावसाळा दरसाल येतो. वही आत्ताच विकत घ्या.

जय भीम!