स्नायूतील कॅल्शियमचे दार

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरातला एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी. अपघातात त्याचा पाय मोडला आणि त्याला रॉयल मेलबर्न हॉस्पिटलमध्ये आणण्यात आले. शस्त्रक्रिया करावी लागणार हे उघडच होते. पण त्या तरुणाला मोडलेल्या पायापेक्षा धास्ती होती ती भुलीची. त्याच्या नात्यातील दहा माणसे ईथरची भूल दिल्यानंतर दगावली होती!

डॉक्टरांनी त्याची भीती हसण्यावारी नेली नाही. ईथर टाळून त्यांनी हॅलोथेन हे त्या काळी नवे असलेले औषध वापरले. तरीही थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब उतरला, नाडी धावू लागली, अंग भट्टीसारखे तापले. भूल ताबडतोब बंद करून त्याला बर्फात गुंडाळण्यात आले आणि तो बचावला. डॉ. मायकल डेनबरो आणि त्यांचे सहकारी डॉ. लव्हेल यांनी १९६० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ही हकीकत प्रसिद्ध केली. या घराण्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला होता. आई किंवा वडील, कोणा एकात तो असला तरी प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते.

पुढे या विकाराला 'मॅलिग्नंट हायपरथर्मिया' असे नाव मिळाले. 'मॅलिग्नंट' शब्द ऐकून दचकायला नको. कर्करोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. येथे त्याचा अर्थ एवढाच, की ताप वेळीच आवरला नाही तर तो जीव घेतो. दहा हजार ते अडीच लाख वेळा भूल दिली जाते तेव्हा एखादा असा प्रसंग घडतो, असा अंदाज दिला जातो. एरवी ही माणसे धडधाकट असतात. मग भुलीच्या औषधाने त्यांच्या अंगाची आग का व्हावी?

मूठ मिटते कशी?

उत्तर स्नायूंत आहे. आपण मूठ मिटतो तेव्हा मेंदूकडून निघालेला विजेचा संदेश मज्जातंतूंतून स्नायूपर्यंत पोचतो. स्नायूच्या प्रत्येक तंतूत कॅल्शियम साठवून ठेवणाऱ्या बारीक पिशव्या असतात. संदेश येताच पिशवीची दारे उघडतात, कॅल्शियम बाहेर धावते आणि स्नायू आखडतो. मग एक पंप तेच कॅल्शियम उपसून पुन्हा पिशवीत भरतो आणि स्नायू सैल पडतो. हे सारे घडायला सेकंदाचा अंशही पुरतो.

इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणावी. नळ सोडला की पाणी खाली येते, पंप ते पुन्हा वर चढवतो. आता नळाची चकतीच खराब असेल तर? पाणी वाहत राहणार, पंप अखंड चालणार, विजेचा मीटर पळणार आणि शेवटी मोटर तापणार. मॅलिग्नंट हायपरथर्मियात हेच घडते. भुलीच्या काही वायुरूप औषधांनी, तसेच स्नायू सैल करणाऱ्या सक्सिनिलकोलीनने हा सदोष नळ उघडतो आणि मिटतच नाही. स्नायू ताठरतात, शरीरातील इंधन भराभर जळते आणि ताप चढत जातो.

या नळाचे शास्त्रीय नाव 'रायनोडिन रिसेप्टर'. दक्षिण अमेरिकेतील रायानिया नावाच्या वनस्पतीत रायनोडिन हे विष असते. पूर्वी ते कीटकनाशक म्हणून वापरीत. हे विष ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते, तेच कॅल्शियमचे दार आहे, असे १९८७ च्या सुमारास सिद्ध झाले. दार कसले, दरवाजाच तो! पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची एक साखळी, आणि अशा चार साखळ्या मिळून एक दार. शरीरातील सर्वांत मोठ्या प्रथिनांमध्ये त्याची गणना होते.

डुकरांनी दिलेली साक्ष

संशोधकांना वाट दाखवली ती डुकरांनी. भरपूर मांस देणाऱ्या काही जातींची डुकरे गाडीत चढवताना किंवा घाबरल्यावर अचानक ताठ होऊन, तापून मरत. हॅलोथेन दिल्यावरही तेच होई. कॅनडातील डेव्हिड मॅक्लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवून दिले, की या डुकरांच्या रायनोडिन रिसेप्टरच्या जनुकात एकाच अक्षराचा फरक आहे. पाच निरनिराळ्या जातींत फरक तोच! काही मानवी कुटुंबांतही त्याच जागी तोच बदल सापडला.

उंदराकडून मिळालेली खूण

पण जनुक म्हणजे नुसता नकाशा. प्रत्यक्ष दार स्नायूत कोठे बसले आहे, किती संख्येने आहे, हे पाहायचे कसे? येथे कामी येतात ती प्रतिपिंडे. शरीरात परकी वस्तू शिरली की तिला नेमके ओळखून चिकटणारी प्रथिने आपले रक्त तयार करते, तीच ही. लस टोचल्यावर आपल्याला संरक्षण मिळते तेही मुख्यतः यांच्यामुळेच.

जॉर्जेस कोहलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी १९७५ साली एक युक्ती शोधली. उंदराला हवे ते प्रथिन टोचायचे, मग त्याच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जुळवायची. पहिलीकडे कसब, दुसरीकडे अमरपट्टा. या जोडपेशी एकाच छापाचे प्रतिपिंड अखंड बनवत राहतात. या शोधाला १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच पद्धतीने अमेरिकेत जॉन सुटको आणि ज्युडिथ एअरी यांच्या गटाने कोंबडीच्या छातीच्या स्नायूतील प्रथिन वापरून '३४सी' नावाचे प्रतिपिंड तयार केले. कोंबडीवरून बनलेले हे प्रतिपिंड सस्तन प्राण्यांच्या स्नायूतील दारही ओळखते. आयोवा विद्यापीठातील पेशींच्या पेढीत ते ठेवलेले आहे. कोणत्याही प्रयोगशाळेला ते तेथून मागवता येते.

ते वापरण्याची रीत साधी आहे. स्नायूचा पातळ काप घ्यायचा, त्यावर प्रतिपिंड सोडायचे आणि त्याला चमकणारा रंग जोडायचा. सूक्ष्मदर्शकाखाली तंतूभर समांतर रेघा उजळतात. जेथे रेघ तेथे दार. काही बालके जन्मतःच लुळी असतात, उशिरा चालतात. त्यांच्यापैकी काहींच्या स्नायूत याच जनुकातील दोषामुळे हे दार फारच कमी प्रमाणात असते. स्नायूच्या तुकड्यातील प्रतिपिंडाची खूण फिकी पडली की डॉक्टरांना शोधाची दिशा मिळते.

मात्र या खुणेला मर्यादा आहे. मॅलिग्नंट हायपरथर्मिया असलेल्या बहुतेकांच्या स्नायूत दारे नेहमीइतकीच असतात. दोष असतो तो त्यांच्या वागण्यात. प्रतिपिंड दार दाखवील, पण बिजागरी सैल आहे की नाही हे सांगणार नाही. त्यासाठी मांडीच्या स्नायूचा ताजा तुकडा काढून त्यावर कॅफीन आणि हॅलोथेनचा परिणाम तपासावा लागतो, किंवा जनुकांची तपासणी करावी लागते.

उपाय आहे, पण वेळेवर

१९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील डॉ. गेसफर्ड हॅरिसन यांनी डँट्रोलीन या औषधाने आजारी डुकरांना वाचवून दाखवले. हे औषध त्या सताड उघड्या दारालाच आवर घालते. १९७९ पासून अमेरिकेत ते शिरेतून देण्यासाठी मान्य झाले. पूर्वी या विकारात शंभरांतील सत्तर-ऐंशी रुग्ण दगावत. वेळीच उपचार मिळाल्यास आता हे प्रमाण दहाच्या खाली आले आहे.

पण धांदल किती असते पाहा! जुन्या प्रकारच्या एका कुपीत अवघे २० मिलिग्रॅम औषध. प्रत्येक कुपीत ६० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालून ते विरघळवायचे. साठ किलो वजनाच्या माणसाला पहिल्याच मात्रेला १५० मिलिग्रॅम, म्हणजे आठ कुप्या लागतात. एकीकडे रुग्णाचा ताप चढत असतो आणि दुसरीकडे चार माणसे कुप्या हलवत उभी असतात. म्हणूनच धोका आधी कळण्याला मोल आहे. तो माहीत असेल तर भूलतज्ज्ञ ती ठरावीक औषधे टाळतात. पाठीच्या कण्यातून दिलेली भूल किंवा शिरेतून दिले जाणारे प्रोपोफोल अशा रुग्णांना सुरक्षितपणे देता येते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ विचारतात, "घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का?" घाईगडबडीत या प्रश्नाला बहुधा 'नाही' असे ठोक उत्तर दिले जाते. त्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्यावे. कोणी काका, आत्या, मामा ऑपरेशनच्या टेबलावर अचानक तापाने फणफणून गेले होते का? तशी आठवण निघाली तर ती कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावी. मेलबर्नच्या त्या तरुणाने नात्यातले दहा मृत्यू मोजून ठेवले होते आणि ते बोलून दाखवले होते. तेथूनच डॉक्टरांना या विकाराचा माग लागला.