राणीच्या महालातला रामराजा

मैत्रिणींनो, दिवाळी आटोपली की घरोघर सहलीचे बेत सुरू होतात. सासूबाईंना देवदर्शन हवे, मुलांना किल्ला आणि जनावरे, ह्यांना दोन दिवस स्वस्थ पडायला शांत जागा. आपल्याला काय हवे, हे मात्र कुणी विचारीत नाही! या खेपेस सगळ्यांचे मन राखील आणि आपल्यालाही काही देईल असे एक गाव सुचविते: मध्य प्रदेशातले ओरछा.

झाशी स्टेशनला उतरायचे. आता त्याचे नाव वीरांगना लक्ष्मीबाई झाशी आहे. तिथून रिक्षाने किंवा टॅक्सीने तासाभराच्या आत ओरछा. बेतवा नदीकाठचे हे गाव १५३१ साली बुंदेला राजा रुद्रप्रताप याने राजधानी म्हणून वसविले.

इथला राम देवळात नाही, महालात राहतो! राजा मधुकरशहा कृष्णभक्त, तर राणी गणेशकुंवरी रामभक्त. राणी अयोध्येला गेली आणि रामाची मूर्ती घेऊन आली. मूर्ती जिथे प्रथम ठेवाल तिथून ती हलणार नाही, अशी अट होती म्हणे. देऊळ पुरे व्हायचे होते, म्हणून राणीने मूर्ती आपल्या महालात ठेवली. ती तिथेच राहिली. शेजारचे उंच शिखरांचे चतुर्भुज मंदिर रामाविनाच राहिले. राम इथे राजा आहे, म्हणून आरतीच्या वेळी पोलीस त्याला सलामी देतात.

तिथून जवळच फुलबागेत हरदौलचे स्थान आहे. सतराव्या शतकात राजा जुझारसिंहाने आपली राणी आणि धाकटा भाऊ हरदौल यांच्यावर संशय घेतला. निर्दोष असशील तर दिराला विष घाल, असे त्याने राणीला सांगितले. वहिनीची अब्रू राहावी म्हणून हरदौलने जाणूनबुजून ते अन्न खाल्ले, अशी कथा आहे. पुढे बहिणीच्या मुलीच्या लग्नात मामाचा आहेर घेऊन तोच आला, असे लोक सांगतात. म्हणून बुंदेलखंडातल्या बायका घरच्या लग्नाचे पहिले आमंत्रण अजूनही हरदौलला देतात.

मला मात्र हरदौलइतकीच त्या वहिनीची कणव येते. संशय नवऱ्याचा, पण ताट वाढणारे हात तिचे. तिने नाही म्हटले असते तर कलंक, वाढले तर हत्या! एका राणीच्या महालात देव कायमचा राहिला आणि दुसरीच्या शब्दावर घरच्या माणसाने विश्वास ठेवला नाही. दोन्ही गोष्टी एकाच अंगणाच्या अंतरावर घडल्या.

मुलांसाठी जहांगीर महाल आहे. वीरसिंहदेवाने तो बांधला. जिने उंच आणि अंधारे आहेत, म्हणून टॉर्च न्या आणि लहानग्यांचा हात सोडू नका. सासूबाईंना वर चढवू नका, खालच्या चौकात बसूनही शोभा दिसते. नदीकाठच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. नाक मुरडू नका हं! मेलेली गुरे साफ करणारे हे पक्षी गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने लाखोंनी मेले. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. नदीपलीकडे १९९४ पासून अभयारण्य आहे. तिथे नीलगाई, चितळ आणि मोर दिसू शकतात.

आता काही सूचना. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा, उन्हाळ्यात दगड तापतात. रामनवमीला आणि मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, म्हणजे रामाच्या लग्नाला, मोठी जत्रा भरते. ती पाहायची तर खोली आधी ठरवा, आणि मुलांच्या खिशात नाव व फोन नंबराची चिठ्ठी ठेवा. गर्दी नको असेल तर हे दिवस टाळा. मंदिर दुपारी बंद असते, तेव्हा महाल सकाळी उरका आणि संध्याकाळची आरती धरा. चामड्याचा पट्टा, पर्स आत नेता येत नाही, म्हणून कापडी पिशवी घ्या. बेतवेचे पाणी शांत दिसले तरी खडकांत ओढ असते. काठावरूनच पाय बुडवा.

मुलगी बरोबर असेल तर फुलबागेत तिला जवळ बसवा आणि दोन्ही राण्यांच्या गोष्टी सांगा. मुलगा असेल तर त्यालाही सांगा. दुसरी गोष्ट तर जरा सावकाश सांगा.