हुकावर किती भार?

दिवाळीनंतर मुकुटबन-वणी रस्त्यावर कापसाच्या ट्रॉल्या धावू लागतात. तोच ट्रॅक्टर उद्या कुणाच्या बांधकामाची गिट्टी ओढतो, परवा सिमेंट. झरी-जामणी भागातल्या कितीतरी घरांची हलाल रोजी त्यावर चालते. ट्रॅक्टर घेताना हॉर्सपॉवर, हप्ता, टायर, सगळ्याची चौकशी होते. हुकाची कुणी करत नाही.

बैलगाडी हाकलेल्या बुजुर्गांना हे सांगावे लागत नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलार होते, पुढे झाला की बैलांच्या मानेवर येते. दोन चाकी ट्रॉलीचेही तेच. फक्त मानेच्या जागी ट्रॅक्टरचा हुक.

हिशेब मांडून पाहू. हुकावर 600 किलो भार आहे. हुक मागच्या चाकांच्या आसापासून पाऊण मीटर मागे, आणि पुढच्या-मागच्या चाकांत 2 मीटर अंतर. मग पुढच्या चाकांवरचा सव्वादोनशे किलो भार कमी होतो. 2 टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात असतात सात-आठशे किलो. हुकावर हजार किलो आले तर पावणेचारशे जातात, चढावर आणखी. मग स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर सरळच जातो! पण थोडा भार हवाच, कारण त्यानेच मागची चाके चिखलात पकड धरतात.

अमेरिकेत मोटारीमागे सहलीची छोटी घरगाडी जोडतात, तेव्हा तिच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवतात. लवचीक पोलादी दांड्यांचा खास हिच त्यातला काही भार मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि काही घरगाडीच्या चाकांवर नेतो. त्या दांड्या हुकावरचा भार मोजूनच निवडायच्या असतात. आपल्या ट्रॅक्टरला हे काम ट्रॉलीची निवड, पुढे लावायची लोखंडी वजने आणि माल रचणारा माणूस मिळून करतात.

शेतवाटेचा चिखल जास्त असेल तर दोन चाकी ट्रॉली बरी. डांबरी रस्त्यावर गिट्टी-सिमेंटच जास्त ओढायचे असेल तर आम्ही चार चाकीच घ्या म्हणू. तिचा भार हुकावर जवळजवळ येत नाही. रिव्हर्स घेताना ती छळते, ते शिकून घ्यावे लागते.

भार मोजायला धरमकाटा पुरे. आधी नुसता ट्रॅक्टर तोला. मग भरलेली ट्रॉली जोडून, तिची चाके काट्याबाहेर ठेवून पुन्हा तोला. फरक तो हुकावरचा भार. जास्त निघाला तर माल सरकवा: हुकापासून ट्रॉलीचा आस 3 मीटरवर असेल, तर सिमेंटच्या 10 गोण्या, म्हणजे 500 किलो, एक मीटर मागे नेल्या की हुकावरचे सुमारे 165 किलो उतरतात.

हुक नेहमी खालच्या ड्रॉबारलाच. काही जण ट्रॉलीचा दांडा वरच्या लिंकच्या जागी अडकवतात. ओढ मागच्या आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकावर उलटतो. तो उठायला लागल्यावर उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पिनला लॉक आणि सोबत साखळी, दोन्ही हवेत.

आणि निकाहला किंवा उर्सला जाताना बायका-मुलांना त्याच ट्रॉलीत बसवू नका. मालाच्या ट्रॉलीत माणसे नेण्याची कायद्यात मुभा नाही, अपघात झाला तर विम्याचा दावाही अडतो. शिवाय माल बांधता येतो. मुले गाणी म्हणत मागच्या फळीकडे सरकतात, तेव्हा हुकावरचा भारही त्यांच्याबरोबर सरकतो.