महिन्यातला एक रविवार, चूल बंद

आमच्या घरी महिन्यातला एक रविवार चूल बंद असते. सहा दिवस शाळा, तपासायच्या वह्या, सकाळचे डबे आणि सातव्या दिवशी पाहुण्यांची बिर्याणी, असं चाललं की घरातल्या बाईचा रविवार फक्त कॅलेंडरात लाल राहतो. म्हणून हा नियम. मुलांनी त्याला आणखी एक जोडला : दर वेळी हॉटेल वेगळं हवं.

यवतमाळ जिल्ह्यात असं काय वेगळं मिळणार, असं कुणी विचारेल. पण भगिनींनो, यादी करायला बसलात तर वर्ष पुरणार नाही. सकाळी पोह्यांची गाडी. पोह्यांवर चण्याची लाल तर्री, वर कांदा आणि लिंबू. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर लहान मुलांच्या डोळ्यांत पाणी येतं. मग सावजी. ही चव नागपूरच्या विणकर हलबा कोष्टी समाजाची, तिथून ती साऱ्या विदर्भात पसरली. मटण-चिकन नको असेल तर तिथेच पाटोडी रस्सा मागवा. बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा, सोबत भाकरी. डोशाच्या हॉटेलात आमच्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा आल्या तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातली जागा शोधत होत्या. पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "बेटा, ये तो उड़द की दाल ही है!" आता कुठे जायचं हे त्याच सुचवतात.

पांढरकवड्याकडे गेलात तर श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा 44 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग लागतो. ढाब्यावर एका टेबलावर तंदुरी रोटी आणि दाल, तर शेजारी तेलंगणातला ड्रायव्हर भातावर आंबट-तिखट सांबार ओतून घेत असतो. उमरखेडच्या बाजूला पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. तो भाग 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि आपला वऱ्हाडही 1853 पर्यंत निजामाच्याच ताब्यात होता. तिकडच्या दस्तरखानावर बगारा भात आणि दालचा दिसला तर नवल नाही. शेगावची कचोरी आपण वऱ्हाडी म्हणून खातो. ती शेगाव रेल्वे स्टेशनावर विकायला सुरुवात केली ती फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने. बिल येईपर्यंतच्या दहा मिनिटांत मुलांना एवढा इतिहास सहज सांगता येतो, आणि परीक्षा नसल्यामुळे तो लक्षातही राहतो.

हेच सगळं मी वर्गात सांगत होते. सातवीचा मराठीचा तास होता आणि मुलांना आवडत्या ठिकाणावर निबंध लिहायचा होता. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तिथं आपल्याला बसू देतात?"

वर्गात कुणी हसलं नाही. बाकीच्यांनाही उत्तर हवं होतं.

या मुलीला कुणी कधी कुठल्या टेबलावरून उठवलेलं नाही. ती कधी गेलेलीच नाही. मोहल्ला, उर्दू शाळा, नानीचं घर, एवढ्यात तिची बारा वर्षं गेली. दोन गल्ल्या पलीकडे तिच्याच वयाची अशी मुलं आहेत, ज्यांनी कधी कुणाच्या घरी ईदचा शीरखुर्मा खाल्लेला नाही. दोघांनाही एकमेकांबद्दल जे माहीत आहे, ते मोबाइलवरून. आणि मोबाइलवर काय फिरतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी तिला संविधान दाखवलं. कलम 15 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत जाण्यापासून अडवता येणार नाही. त्याच कलमात पुढे विहिरी, तळी, घाट आणि रस्ते येतात. ही यादी कुणी सहज केलेली नाही. महाडच्या तळ्याचं पाणी पिता यावं म्हणून 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. हॉटेलात दलितांची कपबशी वेगळी ठेवायची रीत आपल्या आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा टेबलावर बसणं ही मालकाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे. पण कायदा दार उघडून देतो, आत पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न : हलालचं काय? सोपं आहे, विचारायचं. दबक्या आवाजात नाही आणि भांडणाच्या सुरातही नाही. "दादा, मटण कुठून आणता?" एका मालकाने मला हसून सांगितलं, "मॅडम, तुमच्याच मोहल्ल्यातून." उत्तराने समाधान झालं नाही तर शाकाहारी ताट मागवायचं. पाटोडी, डोसा, वांग्याची भाजी आणि भाकरी यांच्या बळावर बहुतेक हॉटेलांत जाता येतं. जिथे दारू चालते तिथे आम्ही बसत नाही, पण त्यासाठी जेवणारा सारा गाव वाईट ठरवायची गरज नाही. माझी एक जैन सहकारी आपल्या मोहल्ल्यातल्या हॉटेलात आली की आधी विचारते, "तेल आणि भांडी वेगळी आहेत ना?" आपल्याला त्याचा राग येत नाही. आपला प्रश्नही तिच्यासारखाच आहे.

बुरख्यातली बाई आत आली की माना वळतात, हेही खरं. पहिल्या वेळी जास्त, दुसऱ्या वेळी कमी. तिसऱ्या वेळी वेटरच विचारतो, "ताई, तर्री वेगळीच ना?"

मुलांना मात्र घरून चार गोष्टी सांगून न्यायच्या. बिस्मिल्लाह म्हणून आपल्या समोरचं खायचं. पैगंबर साहेबांनी जेवणाला कधी नावं ठेवली नाहीत, आवडलं तर खाल्लं, नाही तर बाजूला ठेवलं. तेव्हा "अम्मीच्या हातची चव नाही" हे वाक्य घरी आल्यावर बोलायचं, तेही अम्मीसमोर. संपेल तेवढंच मागवायचं. पाणी आणून देणाऱ्या पोऱ्याला 'ए' म्हणून हाक मारायची नाही.

पुढच्या रविवारी एवढं करून बघा. रोज ज्या हॉटेलावरून जाता आणि जिथे कधी पाय ठेवला नाही, तिथे मुलांना घेऊन जा. चहा आणि आलूबोंडा एवढंच घेतलंत तरी चालेल. आणि पुढच्या ईदला फक्त डबा पाठवून थांबू नका. मुलाच्या वर्गमित्राला आईवडिलांसह बोलवा, आपल्याच दस्तरखानावर बसवा. ते शाकाहारी असतील तर आधी विचारून घ्या आणि शीरखुर्म्याचं पातेलं वेगळं ठेवा.