जुलै महिन्याचा हिशोब

सोलरवर एकही सेमिनार झाला नाही असं वर्ष आपल्या इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटमध्ये शोधून दाखवा. पॅनेलची एफिशियन्सी, एमपीपीटी, सूर्यामागे मान वळवणारा ट्रॅकर, सगळं त्यात येतं. शेवटच्या स्लाइडवर एक कौलारू घर, वर निळं पॅनेल आणि 'थँक यू'. पण त्या घरात जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री साडेआठला दिवा लागतो का, हे कुणी विचारत नाही. व्हायवाला बाहेरून आलेले सरसुद्धा नाही.

माझं स्पष्ट मत आहे की जिथे लाइन पोचलेली नाही अशा घराचा बॅकअप आपण चुकीच्या टोकाकडून डिझाइन करतो. किती साठवायचं यावर तासभर वाद घालतो, आणि सगळ्यात आधी काय बंद करायचं हे ठरवतच नाही.

माझ्या मामांचं घर घ्या. घाटाच्या पायथ्याशी, कोकणच्या बाजूला; विजेचे खांब दीड किलोमीटर अलीकडेच थांबलेत. चार एलईडी दिवे, दोन बीएलडीसी पंखे, एक छोटा टीव्ही, तीन मोबाइल, आणि मामींचा मिक्सर सकाळी पाच-सहा मिनिटं. दिवे ९ वॅटचे, रोज पाच तास; पंखे ३० वॅटचे, आठ तास; टीव्ही ५० वॅट, तीन तास. मोबाइल-मिक्सर धरून बेरीज होते साधारण ९०० वॅट-अवर. इन्व्हर्टरमधली गळती धरली की हजार ते अकराशे. म्हणजे रोज एक युनिट आणि वर थोडं.

दुकानदाराचं उत्तर तयार होतं, "दीडशे एएचची एक टाका, बिनधास्त राहा." आता १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर. पण लेड ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, तेव्हा हाताशी उरले ९००. बिनउन्हाचा एक दिवससुद्धा पुरा निघत नाही! बरं, चार बॅटऱ्या लावू. वापरण्याजोगे ३६०० झाले, तीन दिवसांची निश्चिंती. पुस्तकातही 'डेज ऑफ ऑटॉनॉमी' तीन धरतात. पण कोकणातला पाऊस पुस्तक वाचून पडत नाही. दाट ढगात पॅनेल आपल्या क्षमतेच्या १० ते २० टक्क्यांवर येतं. एरवी दिवसाला चार युनिटं देणारं एक किलोवॅटचं पॅनेल तेव्हा अर्ध्या-पाऊण युनिटावर घुटमळतं. रोज लागणार एक, येणार अर्धं. नळ बारीक झालाय आणि आपण टाकी मोठी करतोय. टाकी उशिरा रिकामी होईल एवढंच. 'वार्षिक सरासरी'त हे दिसत नाही, कारण तिथे मे महिना जुलैचं पाप धुतो.

आता दुसऱ्या टोकाकडून या. मी मामींना विचारलं, काय बंद पडलं तर अजिबात चालणार नाही? दोन मिनिटांत यादी झाली: स्वयंपाकघरातला दिवा, पडवीतला दिवा आणि मोबाइल. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर फोन हवाच. आणि टीव्ही? "जळो मेला!" (मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.) या यादीचा रोजचा खर्च फार तर दीडशे वॅट-अवर. त्याच चार बॅटऱ्या आता तीन दिवसांऐवजी तीन आठवडे पुरतात. आणि पॅनेल १० टक्क्यांवर चालत असलं तरी दिवसाला ४०० देतं. म्हणजे हे दोन दिवे विझण्याचं कारणच उरत नाही. एक पैशाची बॅटरी न वाढवता!

त्यासाठी वायरिंग मात्र सुरुवातीपासून दोन सर्किटांचं हवं. जरुरीचं सर्किट थेट डीसीवर, इन्व्हर्टर टाळून. कारण इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १५-२० वॅट खातो. वीस गुणिले चोवीस, ४८० वॅट-अवर. घरातल्या दोन्ही पंख्यांचा मिळून रोजचा खर्च तेवढाच आहे. हा पाहुणा हिशोबात धरला की वरच्या तीन दिवसांचे सव्वादोन होतात. मात्र डीसीच्या प्रेमात पडून सगळंच १२ व्होल्टवर नेऊ नका. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून २० मीटरवर १२० वॅट न्यायचे तर १० अँपिअर वाहणार, आणि जाऊन-येऊन ४० मीटरमध्ये जवळजवळ ३ व्होल्ट वाटेतच जिरणार. दोन दिव्यांचा दीड अँपिअर असेल तर अर्धा व्होल्टही जात नाही.

लेड ॲसिडला आठवडेच्या आठवडे अर्धपोटी ठेवलं तर प्लेटांवर सल्फेट बसतं. लिथियम आयर्न फॉस्फेटला ते दुखणं नाही, आणि ती ८० टक्के रिकामी करता येते. महाग आहे, पण परवडत असेल तर तीच घ्या. फक्त तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग बीएमएस एकदम तोडून टाकते. लेड ॲसिडवर दिवा मंद होऊन आधी सांगायचा तरी. म्हणून लिथियमबरोबर आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा मीटर हवाच.

जनरेटर ठेवायचा तर सकाळी चालवा. बॅटरी रिकामी असताना ती भरपूर करंट घेते. पेट्रोल तेवढ्यापुरतंच जाळावं. शेवटचा वीस टक्के भाग ती रेंगाळत भरते, ते काम दिवसभराच्या मिणमिणत्या उजेडावर सोपवावं.

आणि मामांच्या घरामागचा वहाळ? ज्या महिन्यात ऊन नाही त्याच महिन्यात तो दुथडी भरून वाहतो. १० मीटर उंचीवरून सेकंदाला ५ लिटर पाणी पाइपातून आणलं तर ४९० वॅट होतात. छोट्या टर्बाइनची एफिशियन्सी ५० टक्के धरली तरी २४५ वॅट, आणि तेही चोवीस तास. दिवसाला जवळजवळ सहा युनिटं! तोंडावरच्या जाळीत पाचोळा अडकतो, तो रोज काढावा लागेल.

हा विषय एका मामापुरता नाही. २०१७ साली सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा आणि पाच वर्षं देखभाल अशी तरतूद होती. वस्तूंची यादी चांगलीच होती. पण तेव्हा बसवलेल्या संचांची ती पाच वर्षं आता उलटली आहेत आणि बॅटऱ्याही म्हाताऱ्या झाल्या असणार. बॅटरी मेली तरी सरकारी कागदावर ते घर 'विद्युतीकरण झालेलं'च राहतं. सहाव्या वर्षी नवी बॅटरी कोणाच्या पैशाने, आणि वाडीवर ती जोडणार कोण, हे दोन प्रश्न टेंडर निघतानाच विचारायला हवे होते.

फायनल इयरवाल्यांनो, यंदाच्या प्रोजेक्ट लिस्टमध्ये ट्रॅकर तीनदा आहे. त्यातल्या एका ग्रुपने विषय बदलावा. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की टीव्ही-पंखे आपोआप तोडणारं आणि दोन दिवे राखणारं एक स्वस्त सर्किट करा. एक कंपॅरेटर, एक रिले आणि पावसात गंजणार नाही असा डबा. टेस्टिंगला घर मी देतो, जेवण मामी देतील. फक्त जुलैत यायची तयारी ठेवा, डिसेंबरातलं रीडिंग चालणार नाही.