दार उघडले, पण कोणासाठी?

बिल मे हे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसेल. हा अमेरिकेचा जलतरणपटू. त्याचा खेळ कलात्मक जलतरण, म्हणजे पाण्यात संगीताच्या तालावर, श्वास रोखून केलेल्या कसरती. या खेळाला ऑलिम्पिकमध्ये १९८४ साली प्रवेश मिळाला, पण फक्त स्त्रियांसाठी. १९७९ साली जन्मलेला बिल दहा वर्षांचा असताना बहिणीबरोबर तलावावर गेला आणि याच खेळात रमला. सोळाव्या वर्षी घर सोडून तो कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे सरावाला गेला.

१९९८ च्या गुडविल गेम्समध्ये क्रिस्टिना लम हिच्या जोडीने त्याने रौप्यपदक जिंकले. २००० साली क्रिस्टिना सिडनी ऑलिम्पिकला गेली. बिल घरीच राहिला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकलाही त्याला मज्जाव झाला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा, ऐन उमेदीत होता. त्याचा दोष काय? तर पुरुष म्हणून जन्माला आला! अखेर त्याने स्पर्धा सोडली आणि लास व्हेगासच्या जलनाट्यात तो पोटापाण्याला लागला.

२०१५ साली कझानच्या जागतिक स्पर्धेत मिश्र जोडीचा प्रकार प्रथमच आला. छत्तिसाव्या वर्षी परतलेल्या बिलने तेथे सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके पटकावली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ऑलिम्पिकचे दार उघडल्याची घोषणा झाली. आठ जणांच्या संघात जास्तीत जास्त दोन पुरुष चालतील, असे ठरले. जगभर टाळ्या वाजल्या. प्रत्यक्षात काय घडले? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एकाही देशाच्या संघातून एकही पुरुष पाण्यात उतरला नाही. पंचेचाळीस वर्षांच्या बिललाही संघात जागा मिळाली नाही. इटलीचा जगज्जेता जॉर्जो मिनिसिनी याचेही तेच झाले.

अमेरिकेच्या मुलींनी पॅरिसमध्ये रौप्यपदक जिंकले. त्यांचे कौतुकच आहे. त्यांनीही आयुष्य पणाला लावले होते. असंख्य खेळांतून हाकलल्या गेलेल्या स्त्रियांना हे एक हक्काचे मैदान मिळाले होते, हेही विसरता येणार नाही. त्यामुळे बिलला वगळणाऱ्या निवड समितीला दोषी ठरवण्याचे कारण नाही. दोष आहे तो नियम करणाऱ्यांचा. त्यांनी 'जास्तीत जास्त दोन' म्हटले, 'किमान एक' म्हटले नाही. वर मर्यादा घातली, खाली हमी दिली नाही. वर्षानुवर्षे मुलांना या खेळापासून दूर ठेवायचे आणि मग दोन वर्षांहूनही कमी मुदत देऊन 'या आता' म्हणायचे, ही कसली संधी? ज्या क्लबांनी मुलगे घेतलेच नाहीत, ते पुरुष खेळाडू आणणार कोठून?

कागदावरचा हक्क आणि हातात पडणारा हक्क यांतले अंतर या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हक्क उशिरा देणे हीसुद्धा हक्क नाकारण्याचीच एक रीत आहे. पंचविसाव्या वर्षी जे द्यायचे ते पंचेचाळिसाव्या वर्षी देऊ केले, तर देणाऱ्याची पाठ थोपटली जाते आणि घेणाऱ्याचे आयुष्य मात्र सरलेले असते. म्हणून दार उघडल्याची बातमी आली की टाळी वाजवण्याआधी एकच विचारावे : आत किती जण गेले?