मंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका

अमेरिकेत सिटी हॉलमध्ये लग्न नोंदवायचं, ग्रीन कार्डचा अर्ज टाकायचा, आणि मग डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला किंवा कोल्हापूरला येऊन मुहूर्तावर, चारचौघांच्या साक्षीनं बोहल्यावर चढायचं, असा बेत मराठी घरांत ठरतो. दोघांपैकी एक अमेरिकन नागरिक, दुसरा किंवा दुसरी तिथं शिकायला गेलेली. इकडे कार्यालयाला आगाऊ रक्कम दिली जाते, केळवणांचे वार ठरतात, आणि तिकडे अर्ज अजून टेबलावरच असतो. अशा सगळ्यांना कळकळीनं सांगणं आहे: ‘ॲडव्हान्स परोल’, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची पूर्वपरवानगी, मंजूर होऊन तिचा कागद हातात पडल्याशिवाय अमेरिकेबाहेर पाऊल टाकू नका. कार्यालय ठरवायचंच असेल, तर तारीख बदलली तर पैसे परत मिळणार की पुढे धरणार, हे आधी लिहून घ्या.

अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागण्याचा जो अर्ज असतो, तो आय-४८५. तो प्रलंबित असताना पूर्वपरवानगीशिवाय देश सोडला, की तुम्ही अर्ज सोडून दिलात असं धरलं जातं. चार दिवसांसाठी गेलात की चार महिन्यांसाठी, यानं फरक पडत नाही. १,४४० डॉलरची फी जाते, आणि परतीची वाटही जाते. अमेरिकन जोडीदारानं भरलेली आय-१३० ही याचिका शिल्लक राहते, पण मग ग्रीन कार्ड मिळवायचं ते मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून. त्यात महिने जातात, कधी वर्षही उलटतं, आणि तोवर नवरा एका देशात, बायको दुसऱ्या.

परवानगीसाठी आय-१३१ हा वेगळा अर्ज करावा लागतो. पूर्वी त्याची फी आय-४८५च्या फीतच धरलेली असायची. १ एप्रिल २०२४पासून ती निराळी, ६३० डॉलर. एवढे पैसे वाचवावेत असं वाटणं साहजिक आहे, पण हा अर्ज गाळू नका. आई-वडील भारतात असलेल्या माणसानं तर मुळीच नाही. आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: अर्ज पोचल्याची पावती ही परवानगी नव्हे. पावती घेऊन निघालात तर दोन्ही अर्जांवर पाणी सोडावं लागेल.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो ओळखीच्यांच्या सल्ल्यानं. कंपनीमार्फत ग्रीन कार्डच्या रांगेत असलेला मित्र सांगतो, “अरे, आम्ही जाऊन येतो की, काही होत नाही.” तो खोटं बोलत नाही. एच-१बी आणि एल-१वर असलेल्यांना, आणि त्यांच्या एच-४, एल-२वरच्या जोडीदारांना कायद्यानं सूट आहे. दर्जा शाबूत असेल, परत येताना त्याच प्रकारचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल, तर त्यांचा अर्ज परोलवाचूनही टिकतो. एफ-१वरच्या विद्यार्थ्याला ही सूट नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्यालाही नाही. पासपोर्टवर एफ-१चा शिक्का अजून दोन वर्षं चालणारा असला, तरी तो तुमचा अर्ज वाचवत नाही. तेव्हा कोणाचाही सल्ला ऐकण्याआधी एकच प्रश्न विचारा: तुम्ही कोणत्या व्हिसावर होता? एच-१बीवाल्यांनीसुद्धा परोल काढून ठेवावा असं माझं मत आहे. भारतात असताना नोकरी गेली, किंवा व्हिसाची मुलाखत लांबली, तर नुसत्या एच-१बीच्या भरवशावर परतणं अवघड होऊन बसतं.

अमेरिकेबाहेर म्हणजे फक्त भारत नव्हे. आई-बाबा भेटीला आले की त्यांना नायगारा दाखवायला नेतात, आणि कोणीतरी म्हणतं, “धबधबा खरा दिसतो तो कॅनडाच्या बाजूनं. पूल ओलांडला की झालं.” तो पूल ओलांडू नका. मेक्सिकोचंही तेच, आणि बहामाला जाऊन येणाऱ्या क्रूझचंही. हवाई किंवा प्वेर्तो रिको मात्र अमेरिकेतच मोडतं, तिथं खुशाल जा.

आता अवघड गोष्ट. फोन रात्री येतो: बाबांना आयसीयूत हलवलंय. अशा वेळी माणूस हाताला लागेल ते विमान पकडतो, आणि त्याला दोष देता येत नाही. पण थोडं थांबून यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन लावा आणि तातडीच्या ॲडव्हान्स परोलसाठी जवळच्या फील्ड ऑफिसची वेळ मागा. सोबत भरलेला आय-१३१, फी, आय-४८५ची पावती, फोटो, आणि रुग्णालयाच्या लेटरहेडवरचं पत्र न्या. त्या पत्रात रुग्णाचं नाव, आजार, प्रकृतीची आजची अवस्था आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. कागद मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा, आणि भाषांतर अचूक आहे अशी भाषांतरकाराची सही घ्या. एवढं करूनही परवानगी मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी तासाभरात मिळत नाही. आपल्याकडे अंत्यसंस्कार खोळंबत नाहीत. अग्नी द्यायला पोचता येणार नाही, कदाचित दहाव्या-तेराव्याला येता येईल, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं. जे पोचू शकले नाहीत, त्यांना “बापाच्या शेवटालाही आला नाही” असं कोणी बोलू नये. म्हाताऱ्या आई-वडिलांशी अर्ज टाकतानाच हे बोलून ठेवा. बोलायला जड जातं, पण त्या रात्री समजावत बसण्यापेक्षा बरं.

ज्यांचा व्हिसाचा मुक्काम पूर्वी संपून गेला होता, त्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय परोल हातात असूनही निघू नये. बेकायदा राहणं १८० दिवसांहून जास्त झालं असेल, तर देश सोडल्यावर ३ वर्षं, आणि वर्षभर किंवा त्याहून जास्त झालं असेल तर १० वर्षं प्रवेशबंदी लागू शकते. अराबल्ली आणि येराबेल्ली या भारतीय दांपत्याच्या खटल्यात २०१२ साली असा निर्णय झाला, की ॲडव्हान्स परोलवर जाऊन आलेल्याला ती १० वर्षांची बंदी लागत नाही. पण हद्दपारीचा आदेश किंवा पोलिसांत अटक असं काही मागं असेल, तर प्रकरण वेगळं होतं. सल्ला परवानाधारक वकिलाचाच घ्या, फॉर्म भरून देणाऱ्या एजंटाचा नको.

परोल मिळाला तरी प्रवेशाची हमी मिळत नाही, शेवटचा शब्द विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा. तुम्हाला बहुधा वेगळ्या खोलीत बसवतील, तास-दोन तास लागू शकतात, त्यामुळे पुढचं विमान लागलीच ठेवू नका. युरोपातून विमान बदलायचं असेल, तर व्हिसाच्या जोरावर मिळणारी ट्रान्झिटची सवलत या कागदावर मिळेलच असं नाही. शक्यतो थेट विमान घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी आणखी जपावं. पासपोर्टवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, परोलवर नवऱ्याचं, असं झालं की मुंबईच्या चेक-इन काउंटरपासूनच प्रश्न सुरू होतात. परतेपर्यंत पासपोर्ट आणि अर्ज दोन्हींवर एकच नाव राहू द्या, आणि लग्नाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा. परोलची मुदत संपायच्या आत परत या. भारतात बसून ती वाढवून मिळत नाही.

आणि मागं पत्रपेटी बघायला कोणीतरी ठेवा. बोटांच्या ठशांची किंवा मुलाखतीची नोटीस टपालानं येते, आणि न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. घर बदललं असेल तर १० दिवसांत नवा पत्ता कळवा. मुलाखतीला दोघांनाही बोलावतात, म्हणून नोटीस आली की तारीख बघा, जमत नसेल तर त्या तारखेआधीच बदलून मागा, आणि मागितल्याचा पुरावा जपून ठेवा.